मुलांच्या कण्याची शस्त्रक्रिया आणि मज्जारज्जूची राखण

मुलाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया करावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले की पालकांच्या तोंडून पहिला प्रश्न बहुधा एकच निघतो : "पाय तर जाणार नाहीत ना ?" मग विचारणारा शेतमजूर असो, तालुका कचेरीतील लिपिक असो वा महाविद्यालयातील प्राध्यापक असो. हा प्रश्न अडाणीपणाचा समजून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. या शस्त्रक्रियेत मज्जारज्जूला इजा होण्याचा धोका थोडा असला तरी खरा आहे, आणि जगातील शल्यविशारदांनी गेली साठ वर्षे याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात खर्ची घातली आहेत. ते उत्तर कोणते, ते कितपत पुरे पडते आणि शाळेतील शिक्षकाचा व पंचायतीच्या सदस्याचा त्याच्याशी संबंध कोठे येतो, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

पाठीचा कणा ही मणक्यांची माळ होय. प्रत्येक मणक्याच्या मागच्या बाजूस हाडाचे एक कडे असते. ही कडी एकाखाली एक आल्याने जी नळी तयार होते तिच्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. त्याची जाडी फार तर करंगळीएवढी. मेंदूकडून हातापायांना जाणाऱ्या हालचालीच्या आज्ञा मुख्यतः त्याच्या पुढच्या व बाजूच्या भागांतून जातात. स्पर्शाची आणि सांध्यांच्या स्थितीची जाणीव मागच्या भागातून वर चढते. या दोन वाटा वेगळ्या आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवलेली बरी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. छातीच्या पाठीमागील भागात ही नळी सर्वांत अरुंद असते आणि तेथील रक्तपुरवठाही तोकडा असतो. मज्जारज्जूच्या खालच्या भागाला रक्त पुरविणारी मुख्य रोहिणी बहुतेकांत एकच असते, आणि ती बहुधा डाव्या बाजूने येते. मुलांच्या ज्या विकृतींसाठी शस्त्रक्रिया करावी लागते त्यांतील पुष्कळशा नेमक्या याच भागात असतात.

या विकृतींपैकी सर्वांत अधिक आढळणारी म्हणजे स्कोलिओसिस. हिच्यात कणा बाजूला वाकतो आणि त्याच वेळी स्वतःभोवती पिळला जातो. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. वयात येण्याच्या काळात, विशेषतः मुलींमध्ये, ती कोणत्याही ज्ञात कारणावाचून उद्भवते व वाढते. काही मुलांचे मणके जन्मतःच अपुरे किंवा एकमेकांस जोडलेले असतात, तर काहींचा कणा पोलिओ, सेरेब्रल पाल्सी यांसारख्या आजारांत स्नायूंचा तोल गेल्याने झुकतो. भारतात याखेरीज मणक्याच्या क्षयाने आलेले कुबड आहेच. दप्तराच्या ओझ्याने किंवा वाकून बसण्याच्या सवयीने स्कोलिओसिस होतो हा समज सार्वत्रिक असला तरी त्यास आधार नाही, आणि त्यापायी मुलांना बसणारी बोलणी तर सर्वस्वी अन्यायाची आहेत.

बाक किती आहे हे क्ष-किरण चित्रावर अंशांत मोजतात. अमेरिकेतील जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये सांगितलेली ही पद्धत आजही प्रचलित आहे. दहा अंशांहून अधिक बाक शंभरांतील दोन-तीन किशोरवयीन मुलांत सापडतो. पण त्यांतील बहुतेकांना निव्वळ देखरेख पुरते. वाढ चालू असताना बाक पंचवीस ते चाळीस अंशांच्या दरम्यान असेल, तर पाठीला पट्टा देतात. पट्ट्याचा खरोखर उपयोग होतो काय, याविषयी पुष्कळ वर्षे वाद होता. २०१३ मध्ये अमेरिका व कॅनडातील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टा वापरणाऱ्यांपैकी शेकडा ७२ मुलांचा बाक वाढ संपेपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला, तर पट्टा न वापरणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ४८ होते. त्यानंतर तो वाद बराचसा मिटला. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांपलीकडे गेल्यावर मात्र तो वाढ संपल्यानंतरही हळूहळू वाढतच राहतो, फार मोठा झाल्यास फुप्फुसांना जागा अपुरी पडते, आणि तेथे शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

पोलादी कांबीपासून आरंभ

कण्यातील बाक आतून सरळ करून धरण्याचे पहिले यशस्वी साधन अमेरिकेतील ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी तयार केले. पोलिओच्या साथीतून वाचलेली, पण कणा कोसळलेली मुले त्यांच्यापुढे येत होती. त्यांच्यासाठी त्यांनी पोलादाची एक कांब योजिली. वरच्या व खालच्या मणक्यात अडकविलेल्या आकड्यांमध्ये ती बसवून, मोटार उचलण्याच्या जॅकप्रमाणे, दात्यादात्याने ताणावयाची. १९६२ मध्ये त्यांनी आपले अनुभव प्रसिद्ध केले आणि ही पद्धत जगभर पसरली. पाठ सरळ होऊ लागली. परंतु कणा ताणला की त्याच्या पोटातला मज्जारज्जूही ताणला जातो, ही जाणीवही सोबतच आली. काही मुले भुलीतून जागी झाली ती पाय न हलविता.

स्कोलिओसिसवर उपचार करणाऱ्या शल्यविशारदांच्या अमेरिकेतील संस्थेने, स्कोलिओसिस रिसर्च सोसायटीने, आपल्या सदस्यांकडून अशा घटनांची माहिती गोळा करून ती १९७५ मध्ये प्रसिद्ध केली. अपयशाचा हिशेब स्वतःहून चव्हाट्यावर मांडणे कोणत्याही व्यवसायाला सोपे नसते. त्या दृष्टीने हा अहवाल मोलाचा आहे. मज्जासंस्थेच्या इजेचे प्रमाण त्यात शेकडा सुमारे ०.७ होते. त्याच संस्थेच्या नोंदींवरून २०११ मध्ये १९,३६० मुलांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण शेकडा १ आढळले : अज्ञात कारणाच्या बाकात ०.८, तर जन्मजात विकृतीत २. या दोन आकड्यांवरून छत्तीस वर्षांत काहीच साधले नाही, असे कोणाला वाटेल. तसे नाही. पूर्वी ज्या वाकड्या कण्यांस हात लावण्याचे धाडस होत नसे, त्यांवर आता शस्त्रक्रिया होतात. आकड्यांची जागा प्रत्येक मणक्यात बसविलेल्या स्क्रूंनी घेतली असून बाक पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक सरळ केला जातो. या इजांपैकी सर्वच कायमच्या नसतात; बऱ्याच अंशतः किंवा पूर्णतः भरून येतात, हेही पालकांना सांगितले पाहिजे.

इजा होते ती मुख्यतः तीन वाटांनी. एक ताण, जो कणा सरळ करण्याच्या क्षणी सर्वाधिक असतो. दुसरी वाट दाबाची : आत सरकलेला स्क्रू, हाडाचा तुकडा किंवा साचलेले रक्त मज्जारज्जूवर येते. तिसरी रक्तपुरवठ्याची, आणि ती सर्वांत फसवी. कारण डोळ्यांना काहीच दिसत नाही. रक्तस्राव कमी व्हावा म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब मुद्दाम उतरवून ठेवीत. ताणलेल्या मज्जारज्जूला तेवढ्या दाबाचे रक्त पुरत नाही हे उमगल्यानंतर, कणा सरळ करताना रक्तदाब चांगला ठेवण्याकडे आता भूलतज्ज्ञांचा कटाक्ष असतो.

झोपलेल्या मुलाला विचारणे

इजा झाली हे शस्त्रक्रिया संपल्यावर कळले, तर हाती असलेला मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. ताण वेळीच सैल केला तर मज्जारज्जू सावरू शकतो. म्हणून खरा प्रश्न असा होता की, भुलीखाली पालथ्या निजलेल्या मुलाच्या मज्जारज्जूचे क्षेम कसे विचारावयाचे ?

१९७३ मध्ये फ्रान्समधील वोझेल, स्ताग्नारा व त्यांच्या सहकाऱ्याने याचे साधे उत्तर प्रसिद्ध केले : मुलाला जागे करून विचारावे. कणा सरळ केल्यावर, जखम शिवण्याआधी, भूल हलकी करतात. भूलतज्ज्ञ मुलाला नावाने हाक मारतो आणि प्रथम हाताची मूठ आवळावयास सांगतो. मुठीपासून सुरुवात करण्यात मोठे तारतम्य आहे. हातांच्या नसा शस्त्रक्रियेच्या जागेच्या बहुधा वरच निघालेल्या असतात. त्यामुळे मूठ आवळली म्हणजे मूल ऐकते आहे, त्याला समजते आहे, हे कळते. मग पायांची बोटे हलविण्यास सांगतात. ती हलली की खोलीतील साऱ्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मुलाला पुन्हा गाढ झोपविले जाते. मूठ आवळली, पण पाय हलले नाहीत, तर त्याचा अर्थ उघड असतो. वेदनाशामक औषधे चालू असल्याने मुलाला दुखत नाही आणि पुष्कळांना नंतर यातले काही आठवतही नाही.

ही चाचणी यशस्वी व्हावयाची तर आदल्या दिवशी मुलाची तयारी करून घ्यावी लागते. उद्या अर्ध्या झोपेत हाक येईल, तेव्हा काय करावयाचे हे त्याला त्याच्या बोलीत सांगावे लागते. गोंडी किंवा भिली बोलणाऱ्या घरातून आलेल्या मुलाला पुस्तकी मराठीतील सूचना त्या अवस्थेत कळेलच असे नाही. अशा वेळी आईकडून दोन शब्द शिकून घेणारा भूलतज्ज्ञ अधिक शहाणा म्हटला पाहिजे.

तथापि या चाचणीला मर्यादा आहेत. अगदी लहान किंवा मतिमंद मुलाकडून ती होत नाही. मुलाने अचानक अंग झटकले तर श्वासनलिकेतील नळी निसटण्याची भीती असते. शिवाय ती एका क्षणाचे उत्तर देते. पाऊण तासानंतर काय झाले, ते तिला ठाऊक नसते.

अखंड पहारा ठेवण्याचे साधन विजेच्या सूक्ष्म संकेतांतून मिळाले. घोट्याजवळील नसेला विजेचा हलका झटका दिला की त्याची संवेदना मज्जारज्जूवाटे मेंदूकडे जाते, आणि डोक्याच्या त्वचेवर लावलेल्या तारांनी ती टिपता येते. हा प्रतिसाद इतका क्षीण असतो की शेकडो झटक्यांची सरासरी काढावी तेव्हा तो दिसतो. १९७० च्या दशकात अमेरिका व जपानमध्ये ही पद्धत शस्त्रक्रियागृहात आली. प्रतिसादाची उंची निम्म्यावर आली तर धोक्याची सूचना समजावयाची, असा दंडक पुढे रूढ झाला. ५१ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची पाहणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले की, या कामात मुरलेल्या पथकांकडे मज्जासंस्थेच्या इजांचे प्रमाण अननुभवी पथकांच्या निम्म्याहूनही कमी होते. म्हणजे यंत्र विकत घेतल्याने काम भागत नाही; ते वाचणारा माणूस तयार व्हावा लागतो. रुग्णालयांसाठी साधनसामग्रीची मागणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी ही पाहणी अवश्य लक्षात घ्यावी.

या पद्धतीतही एक छिद्र होते. ती मज्जारज्जूच्या मागच्या वाटेची, म्हणजे संवेदनेची, खबर देते. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटला तर संवेदना शाबूत राहून हालचाल जाऊ शकते. यंत्रावर सर्व ठीक दिसत असताना मूल पाय गमावून जागे झाल्याची प्रकरणे १९८० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. उपाय मात्र तोवर निघू लागला होता. इंग्लंडमधील मर्टन व मॉर्टन यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, डोक्याच्या त्वचेवरून विजेचा झटका देऊन मेंदूतील हालचालीचे केंद्र चेतविता येते. आज शस्त्रक्रियागृहात हाच मार्ग वापरून पायाच्या स्नायूंतील प्रतिसाद थेट पाहतात. त्यासाठी भुलीची रीतही बदलावी लागली. नाकातोंडावाटे देण्याच्या वायूंनी हे संकेत मंदावतात, म्हणून शिरेतून दिलेल्या औषधांवर भर द्यावा लागतो आणि स्नायू शिथिल करणारी औषधे टाळावी लागतात. झटक्याने जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये यासाठी दातांत मऊ बोळा ठेवतात. लहान मुलांत हालचालीच्या वाटा अजून पक्व झालेल्या नसतात, त्यामुळे त्यांचे संकेत मिळविणे अधिक जिकिरीचे असते.

संकेत अचानक खाली आले, की काम जागच्या जागी थांबते. तारा निसटल्या तर नाहीत ना, हे पाहतात. रक्तदाब वाढवितात, रक्त कमी झाले असल्यास देतात, शरीर थंड पडले असल्यास ऊब देतात. संकेत जाण्यापूर्वी शेवटचे जे केले असेल ते उलट करतात, म्हणजे ताण सोडतात, संशयित स्क्रू काढतात. तरीही संकेत परतले नाहीत तर मुलाला जागे करून पाहण्याची जुनी चाचणी पुन्हा कामी येते. घाईगर्दीत यांतील एखादी पायरी विसरू नये म्हणून २०१४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी एकमताने तपासणीची यादी तयार केली. ती भिंतीवर लावण्यासारखीच आहे. प्रसंगी कण्यातला काही बाक तसाच ठेवून शस्त्रक्रिया आटोपती घेतली जाते. अशा वेळी "पाठ पुरती सरळ झाली नाही" म्हणून नाराज होणाऱ्या नातेवाइकांना त्यामागचे कारण ठाऊक असणे इष्ट होय.

सर्व मुलांचा धोका सारखा नसतो. बाक जितका मोठा व ताठर, तितका तो अधिक. जन्मजात विकृतीत मज्जारज्जूही सदोष असण्याचा संभव बराच असतो : तो खाली घट्ट बांधलेला असतो किंवा हाडाच्या काट्याने दुभंगलेला असतो. असा बांधलेला मज्जारज्जू ताणणे म्हणजे अनर्थाला आमंत्रण. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय तपासणी आवश्यक ठरते. क्षयाच्या कुबडात मज्जारज्जू टोकदार कोनावरून ताणलेला असतो. लहान वयात क्षय झालेल्या काही मुलांत तर आजार बरा झाल्यावरही वाढीबरोबर कुबड वाढत राहते, आणि कित्येक वर्षांनंतर पायांतील बळ जाऊ लागते. त्या अवस्थेतील शस्त्रक्रिया ही या क्षेत्रातील सर्वांत अवघड शस्त्रक्रियांपैकी होय. अतिशय मोठ्या बाकासाठी काही ठिकाणी आधी काही आठवडे डोक्याभोवती धातूचे कडे बसवून, वजने लावून, कणा हळूहळू ताणतात. यात मूल जागे असते, चाकाच्या चौकटीत फिरते, आणि त्याचे हातपाय, डोळे व जीभ यांची रोज तपासणी होते. त्यामुळे मज्जासंस्था कुरकुरू लागली की वजन लगेच उतरविता येते.

उशिराचे मोल

पालकांच्या त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. भीतीपोटी पुष्कळ कुटुंबे शस्त्रक्रिया लांबणीवर टाकतात. मुलगी असेल तर तिचे व्यंग झाकण्याकडे कल असतो. लग्नाच्या बोलण्यात अडथळा नको म्हणून सैल कपडे, ओढणी, आणि चार लोकांत मिसळणे बंद. दोन-तीन वर्षांनी पंचेचाळीस अंशांचा बाक ऐंशीवर पोहोचल्यावर तिला रुग्णालयात आणले जाते. ज्या धोक्याला भिऊन दिवस काढले, तोच धोका दिवस काढल्याने वाढलेला असतो. पालकांनी प्रश्न अवश्य विचारावेत. किंबहुना ते अधिक नेमके विचारावेत. मज्जारज्जूवर देखरेख ठेवण्याची सोय आहे काय, ती कोण करते, अशा किती शस्त्रक्रिया तेथे होतात, धोका या मुलाच्या बाबतीत किती आहे. संमतिपत्रकावर अंगठा उठविण्याआधी ही उत्तरे समजून घेणे हा पालकांचा हक्क आहे.

बाक लवकर ध्यानात येणे हे पुष्कळसे शाळेच्या हाती आहे. एक खांदा वर, एका बाजूचे खवाट पुढे आलेले, कमरेच्या दोन बाजूंची खोलगट सारखी नसणे, गणवेशाची कड तिरकी लोंबणे, ही चिन्हे रोज मुले पाहणाऱ्या शिक्षकाला सहज दिसतात. पाय जुळवून, गुडघे ताठ ठेवून, दोन्ही तळवे एकत्र करून मुलाला पुढे वाकावयास सांगावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवावे. लंडनचे विल्यम ॲडम्स यांनी १८६५ मध्ये वर्णन केलेली ही तपासणी विनाखर्चाची आहे. मुलींची तपासणी शिक्षिकेनेच, आडोशाला करावी. सर्व मुलांची सरसकट तपासणी हितावह आहे काय, याविषयी मतभेद आहेत. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृतिदलाने २०१८ मध्ये त्यासाठी पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. वेगळी मोहीम काढण्याची म्हणूनच निकड नाही. परंतु फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून येतात, तेव्हा संशय असलेले मूल त्यांच्यापुढे उभे करणे मुळीच अवघड नाही. त्या दिवशी ते मूल गैरहजर राहू नये एवढे पंचायतीच्या सदस्यांनी पाहिले तरी पुष्कळ झाले.

काही चिन्हांबाबत मात्र पथकाची वाट पाहू नये. कमरेच्या वर मधोमध केसांचा झुपका किंवा खळगी, एक पाऊल दुसऱ्याहून लहान वा वाकडे, चालताना अलीकडे अडखळणे, सुटलेली अंथरुण ओले करण्याची सवय पुन्हा लागणे, पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप किंवा कण्यावर वर आलेला उंचवटा. यांतील काही चिन्हे मज्जारज्जू आधीच त्रासात असल्याची असतात, तर शेवटची दोन क्षयाचा संशय आणणारी आहेत. क्षयाने पोखरलेल्या मणक्यावर जोराचे मालीश करविणे अत्यंत घातक होय.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली तरी राखण संपत नाही. मज्जारज्जूची इजा क्वचित काही तासांनी, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही प्रकट होते. म्हणून पहिले दोन दिवस परिचारिका ठरलेल्या वेळी, रात्रीसुद्धा, मुलाला उठवून पायांची बोटे हलवावयास सांगते. त्याबद्दल तिच्यावर कोणी रागावू नये. सर्वसाधारणपणे महिना-दीड महिन्यात मूल शाळेत परतते. कण्याचा जोडलेला भाग वाकत नाही, ते कमरेखालून वाकते. त्याला सोयीचे बाक द्यावे, आणि खेळाविषयी डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा. पायांना नव्याने मुंग्या येणे, बधिरता, चालीत फरक, लघवीवरचा ताबा जाणे किंवा जखमेतून स्राव, असे काही दिसल्यास पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो. त्यासाठी रुग्णालयाने दिलेल्या कागदाची एक प्रत मुख्याध्यापकांकडे आणि दुसरी मुलाच्या दप्तरात असावी.